मलिक अंबरची लेक आणि सिद्दी बायकांच्या गोधड्या

जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यांसाठी वजनकाट्याची सॉफ्टवेअरं लिहिणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. इतिहास विकान्ताचा. सोमवार ते शनिवार भंगाराचे ट्रक, टन आणि क्विंटल, रविवारी निजामशाही. ही वाटणी घरच्यांनी आता (नाइलाजाने) मान्य केली आहे. तर मंडळी, आजचा लेख बदनापूरहून निघून अमेरिकेला वळसा घालून कारवारच्या जंगलात जाणार आहे. चहा घेऊनच बसा.

एमआयडीसीतून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागलं की पंधरा-वीस किलोमीटरवर बदनापूर येतं. त्या तालुक्यात रोषणगाव आहे. तूर, कापूस, मका, एसटीचा थांबा, बाकी चारचौघांसारखं गाव. १६१६ साली मलिक अंबर आणि मुघलांचा सरदार शाहनवाजखान यांची मोठी लढाई इथे झाली आणि अंबर हरला. मुघल फौज तशीच पुढे खडकीत शिरली आणि अंबरने जेमतेम सहा वर्षांपूर्वी वसवलेलं ते शहर तिने लुटून, पाडून टाकलं. अंबर काही संपला नाही. १६२४ साली भातवडीला त्याने सगळं उट्टं काढलं. खडकीचं पुढे फत्तेनगर झालं, मग औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर.

हा एवढा अंबर शाळेत आपण सगळेच शिकलो. गनिमी कावा, जमिनीची मोजणी आणि महसूल, नहर. मार्कांपुरता भरपूर. तो इथिओपियाचा, जन्म १५४८ च्या सुमाराचा, लहानपणीचं नाव चापू. मोखा, बगदाद असा हातोहात विकला जात तो दख्खनला पोचला. इथे त्याला निजामशाहीचा पेशवा चिंगीझखान याने विकत घेतलं. हा चिंगीझखान स्वतः हबशी आणि स्वतःही एकेकाळचा गुलाम. म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या मातीत चारशे वर्षांपूर्वी आफ्रिकेची माणसं फक्त पहाऱ्यावर नव्हती, ती पेशवाई करत होती. (पुण्याची पेशवाई यायला अजून शंभर-सव्वाशे वर्षं होती!)

मला काही वर्षांपासून सतावणारा प्रश्न वेगळा आहे. ही सगळी पुरुषमाणसं. आफ्रिकेतून दख्खनला बायकाही आल्या असणार, त्यांच्या पोटी इथे मुली झाल्या असणार. त्यांचं काय झालं?

शोधायला लागलं की पहिली बाई लगेच भेटते. चिंगीझखान १५७४-७५ च्या सुमारास वारला. अंबर तेव्हा पंचविशीतला गुलाम. त्याला मोकळं कोणी केलं? चिंगीझखानाच्या विधवेने. अंबरच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घटना कुठली म्हणाल, तर मी भातवडीच्या आधी ही धरेन, कारण ही नसती तर ती नसती. पण या बाईचं नाव अंबरच्या चरित्रात येत नाही. ‘खानाची विधवा’ एवढ्यावर काम भागवलेलं असतं.

दुसरी अंबरची लेक. हिची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती फार कमी लोकांना ठाऊक आहे.

१६०० साली अहमदनगरचा किल्ला मुघलांनी घेतला. निजामशाही बुडाली असं अकबराला वाटलं. अंबरने राजघराण्यातला एक तरुण शोधून काढला, त्याला दुसरा मूर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसवलं आणि आपली लेक त्याला देऊन टाकली. राजाला सासरा मिळाला, सासऱ्याला राज्य. पीटर व्हान डेन ब्रूक नावाचा एक डच व्यापारी १६१७ मध्ये अंबरला त्याच्या छावणीत भेटला होता. पुढची हकीकत त्याने लिहून ठेवली आहे. सुलतानाची थोरली बायको इराणी होती, गोरी. तिचं आणि अंबरच्या लेकीचं भांडण झालं. त्या भांडणात थोरली म्हणाली की तू तर काफर, गुलाम बाई, राजाची नुसती ठेवलेली, आणि तुझा बाप बंडखोर. ‘काफर’ हा शब्द मूळ अरबी ‘काफिर’वरून आला, पण पोर्तुगीज आणि डच तो सरसकट काळ्या आफ्रिकन माणसासाठी वापरायचे. लेकीने हा अपमान बापापर्यंत पोचवला. बाप भडकला. पुढे सुलतान आणि ती इराणी राणी, दोघेही विषाने मेले आणि पाच वर्षांचं पोर गादीवर आलं. साल १६१०. त्याच साली अंबरने खडकी वसवली.

व्हान डेन ब्रूक भेटला सात वर्षांनी, म्हणजे ही ऐकीव बातमी. राज्यातल्या जाणत्या सुलतानाचा काटा काढायला अंबरपाशी राजकारणाची कारणंही भरपूर होती. पोरीच्या अपमानाची गोष्ट लोकांना सांगायला बरी पडली असेल. तरीसुद्धा मला ती महत्त्वाची वाटते. दख्खनच्या दरबारात आफ्रिकन बापाच्या मुलीला तिच्या रंगावरून आणि बापाच्या गुलामीवरून काय ऐकावं लागत असेल, हे कागदावर आलेलं फार क्वचित सापडतं. बापाच्या तलवारीला सगळे घाबरत होते. लेकीच्या वाट्याला मात्र जनानखान्यातलं हे बोलणं. आणि आपणही फार पुढे गेलोय असं नाही. ‘हबशी’ म्हणजे हबश देशाचा, अ‍ॅबिसिनियाचा माणूस, इतका साधा अर्थ. शाळेच्या मैदानावर तो शब्द आपण कशासाठी वापरायचो, आठवून बघा.

तर या लेकीचं नाव? नंतरच्या काही पुस्तकांत शाहीर बानू असं दिलेलं आढळतं. व्हान डेन ब्रूकच्या हकिगतीत ती फक्त अंबरची मुलगी. आमच्या धंद्यात ‘रिकामं’ आणि ‘भरलेलंच नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या मानतात. रकाना रिकामा असणं वेगळं, आणि माहिती होती पण ती कोणी टाइपच केली नाही हे वेगळं. डेटाबेसवाले दुसऱ्याला नल म्हणतात. खानाची विधवा आणि अंबरची लेक या दोघी नल. नावं होती, रोज हाका मारल्या जात होत्या, लिहिणाऱ्याला त्यांची गरज पडली नाही.

तिसरी अंबरची बायको, बीबी करीमा. तीही सिद्दी होती असं सांगतात. हिला नाव आहे आणि खुलताबादला अंबरच्या कबरीजवळ कबरही आहे. दगड होता म्हणून नाव टिकलं.

आता अमेरिका. फेथ रिंगगोल्ड ही न्यूयॉर्कच्या हार्लेममधली काळी चित्रकार, जन्म १९३०, वारली २०२४ मध्ये. तिची पणजीची आई सुझी शॅनन गुलामीत जन्मली होती आणि मालकांसाठी गोधड्या शिवायची. ते हातातलं काम आईपर्यंत उतरत आलं. रिंगगोल्डची आई विली पोझी कपड्यांची डिझायनर होती, आणि मायलेकींनी मिळून १९८० साली ‘एकोज ऑफ हार्लेम’ ही पहिली गोधडी केली. पुढे रिंगगोल्डने कॅनव्हासवर चित्र रंगवायचं, त्याला कापडाच्या तुकड्यांची चौकट शिवायची आणि कडेला हाताने गोष्ट लिहायची, अशी तऱ्हाच काढली.

तिची १९९१ सालची एक गोधडी मी पहिल्यांदा स्क्रीनवर पाहिली तेव्हा बराच वेळ पुढे गेलोच नाही. ‘द सनफ्लॉवर्स क्विल्टिंग बी अ‍ॅट आर्ल’. फ्रान्समधल्या आर्ल गावचं सूर्यफुलांचं शेत. त्यात आठ काळ्या बायका सूर्यफुलांची एक मोठी गोधडी धरून उभ्या. कोण आहेत या? हॅरिएट टबमन, जिने स्वतः गुलामीतून पळून जाऊन पुन्हापुन्हा परत येत इतरांना बाहेर काढलं. सोजर्नर ट्रूथ. झुंडींनी काळ्या माणसांना ठार मारण्याविरुद्ध लिहिणारी पत्रकार आयडा वेल्स. रोझा पार्क्स, जी बसमधल्या जागेवरून उठली नाही. फॅनी लू हेमर, एला बेकर, मेरी मॅक्लाउड बेथून आणि केसांच्या तेला-मलमांचा धंदा उभा करणारी मॅडम सी. जे. वॉकर. या आठजणी एकत्र जमणं शक्यच नव्हतं; काहींच्या जन्माआधीच काही गेल्या होत्या. कोपऱ्यात व्हिन्सेंट व्हान गॉग सूर्यफुलं घेऊन उभा आहे, जरासा अवघडलेला, बायकांच्या कामात चुकून आलेल्या पाहुण्यासारखा. गुलाम पणजीआजीने मालकांच्या पलंगासाठी जे शिवलं, तेच काम पणतीच्या पुढच्या पिढीत बायकांची नावं नोंदवायला वापरलं गेलं.

पण रिंगगोल्ड शिकलेली, गॅलऱ्यांत वावरलेली चित्रकार. लोककला म्हणावी तर तिच्या शंभर वर्षं आधीच्या हॅरिएट पॉवर्सकडे जावं लागतं. ही १८३७ साली जॉर्जिया राज्यात गुलामीत जन्मली. १८८६ साली अथेन्स गावच्या कापूस मेळ्यात तिने बायबलमधल्या प्रसंगांची गोधडी मांडली. (कापूस मेळा म्हटल्यावर आम्हा जालनेकरांना घरच्यासारखंच वाटतं.) जेनी स्मिथ नावाच्या चित्रकला शिक्षिकेला ती विकत हवी होती, पॉवर्सने नकार दिला. पुढे हात आखडला तेव्हा १८९१ मध्ये ती स्वतःच गोधडी घेऊन आली, दहा डॉलर मागितले आणि पाचावर तुटलं. देण्याआधी एकेका चौकटीत काय आहे ते तिने सांगितलं आणि स्मिथबाईंनी ते लिहून घेतलं. नंतरही पॉवर्स आपली गोधडी बघायला परत परत यायची. ती गोधडी आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये आहे आणि दुसरी बोस्टनच्या संग्रहालयात. बोस्टनच्या गोधडीत बायबलबरोबर १८३३ सालच्या उल्कावर्षावाची रात्रही आहे, पॉवर्सच्या जन्माच्या चार वर्षं आधीची, म्हणजे थोरांकडून ऐकलेली. आणि जॉर्जियातून व्हर्जिनियापर्यंत पाचशे मैल पळालेली बेट्स नावाची एक डुकरीण! तिच्याआडून पळालेल्या गुलामांची आठवण काढली आहे असं काही अभ्यासक मानतात. असेलही.

पॉवर्सला लिहिता-वाचता येत नव्हतं असंच कितीतरी वर्षं समजलं जायचं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या एका पत्राच्या नकलेवरून कळलं की येत होतं, आणि आपण आणखीही गोधड्या केल्या असं तिने लिहिलं होतं. म्हणजे संग्रहालयात गोधडी टांगलेली, पण करणारीबद्दलचा रकाना आपल्याच समजुतीने भरलेला.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे असं काही आहे का? माझं उत्तर असं की आहे, पण त्यात चित्रं नाहीत.

कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला या तालुक्यांच्या जंगलपट्टीत सिद्दी लोकांच्या वस्त्या आहेत. हे दख्खनच्या सरदारांचे वंशज म्हणून मिरवणारे सिद्दी नव्हेत. यांचे बरेचसे पूर्वज गोव्याच्या पोर्तुगिजांनी मोझांबिककडून आणलेले गुलाम, जे संधी मिळेल तसे घाट चढून जंगलात पळाले. त्यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती तिन्ही आहेत. बोली कोकणी, त्यात मराठी आणि कानडी मिसळलेली. २००३ साली त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. २०२० साली त्यांच्यातले शांताराम सिद्दी कर्नाटकाच्या विधान परिषदेवर गेले.

गोव्यातली गुलामी कशी होती हे लिन्सखोटेन नावाच्या डच माणसाने लिहून ठेवलंय. तो १५८३ ते १५८८ गोव्यात होता. भर रस्त्यावर रोज लिलाव व्हायचा, त्यात माणसंही विकली जायची. आणि याच वर्णनात एक बारीकशी गोष्ट आहे. काही घरं गुलामांच्या कमाईवरच चालायची. गुलाम बायका फळांचे मुरांबे करायच्या, काही जणी उत्तम भरतकाम-शिवणकाम करायच्या, आणि त्यातल्या तरुण, देखण्या बायकांना नटवून-थटवून हा माल विकायला रस्त्यावर पाठवलं जायचं. सुई बाईच्या हातात, टाका बाईचा, पैसा मालकाच्या पेटीत. या बायका आफ्रिकेतून आणलेल्या होत्या तशा पूर्वेकडूनही आणलेल्या होत्या, त्यामुळे तिथून हल्याळच्या गोधडीपर्यंत सरळ रेघ ओढू नये. तरी सुई आणि गुलामी या गोष्टी आपल्या किनाऱ्यावर चारशे वर्षांपूर्वी एका हातात होत्या, एवढं त्यावरून कळतं.

हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. कानडीत कौदी, आपल्याकडे गोधडी किंवा वाकळ. खाली अस्तराला जुनं सुती लुगडं. त्यावर घरच्या विटलेल्या कपड्यांचे तुकडे, कडा आत दुमडून. शिवायला सुरुवात एका कोपऱ्यातून. कडेकडेने तुकडे लावत, धावदोरा घालत चौफेर फिरायचं, एक फेरा पुरा झाला की त्याच्या आतून दुसरा, असं करत मध्यापर्यंत यायचं. आधी आराखडा नाही, खडूने आखणं नाही. पुढचा तुकडा कुठला हे मागचा लावून झाल्यावर ठरतं. मधेमधे मोठ्या तुकड्यांवर छोटे भडक चौकोन टाचतात, त्यांना टिकेली म्हणतात. (आपली टिकलीच की!) ख्रिस्ती घरात कुठे क्रूस येतो, मुसलमान घरात चंद्रकोर. शेवटी चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या एकावर एक ठेवून केलेली त्रिकोणी फुलं. या फुलांशिवाय कवंदी पुरी होत नाही. ती नसली तर गोधडी नागडी राहिली असं या बायका मानतात.

माझी आजी घनसावंगीकडची. पावसाळा संपला की ओसरीवर लुगडं अंथरून तिचं हेच चालायचं, कडेकडेने आत. माझ्या वडिलांचा शाळेतला खाकी सदरा कुठल्या गोधडीत गेला ते ती बोट ठेवून दाखवायची. सांगायचा मुद्दा असा की कवंदीचं तंत्र आफ्रिकेतून आलं असं म्हणायला मी तयार नाही. ते दख्खनचं आहे, सगळ्या जातींच्या बायकांचं. शिवाय अमेरिकेत नेलेले गुलाम बहुतेक आफ्रिकेच्या पश्चिमेचे आणि आपल्याकडचे पूर्वेचे. अलाबामातल्या जीझ बेंड गावच्या काळ्या बायकांच्या गोधड्या आणि हल्याळच्या कवंदी शेजारी ठेवल्या तर भडक रंगांचा तोच बेधडकपणा दिसतो, आणि कोणालाही वाटेल की हे रक्तातून आलंय. मला त्यापेक्षा साधं कारण पटतं. दोन्हीकडे कापड म्हणजे शेतावर घासून झिजलेले कपडे. नवं विकत आणायची ऐपत नाही. रंग आपण निवडत नाही, जे अंगावरून उतरलं ते घ्यायचं. त्यातून नीटसपणा साधत नाही, साधायचा असतो तो तोल. रक्ताचं नातं लावलं की मेहनत आणि डोकं या दोन्ही गोष्टी करणारीकडून काढून घेतल्यासारखं होतं.

असाच मोह अमेरिकेतही झाला. १९९९ साली एक पुस्तक आलं, ‘हिडन इन प्लेन व्ह्यू’. गुलामांना पळून जाण्याची वाट दाखवायला गोधड्यांवर सांकेतिक नक्षी असायची आणि त्या कुंपणावर वाळत घालायचे, असा त्यातला दावा. फार लोकप्रिय झाला, शाळांत शिकवला गेला. मला तर आधी फारच आवडला होता, प्रोग्रामरला गुप्त संकेत म्हटलं की काय विचारता :) गोधडीच्या इतिहासकारांनी तपासलं तेव्हा त्या काळातला पुरावा सापडला नाही; सांगितलेले काही नमुने तेव्हा वापरात असल्याचाच दाखला नाही. टबमनला वाटा दाखवायला गोधडी लागत नव्हती. आणि गोधडी मोठी ठरायला त्यात गुप्त नकाशा असावाच लागतो, हा आपला हट्ट का? थंडीत पोराच्या अंगावर पुरली, एवढं काम कमी आहे का?

पैशाचं बोललं पाहिजे. हेन्री ड्रूअल हे आफ्रिकन कलेचे अमेरिकन अभ्यासक. त्यांनी कवंदींचा अभ्यास केला, २००४ च्या सुमारास सिद्दी बायकांची गोधड्यांची सहकारी संस्था उभी करायला हात लावला. २०११ साली न्यूयॉर्कला हार्लेममधल्या शॉमबर्ग सेंटरमध्ये सिद्दी गोधड्यांचं प्रदर्शन भरलं. हार्लेम! रिंगगोल्डचंच गाव. कापडाचा तो तुकडा यल्लापूरच्या झोपडीतून तिथे भिंतीवर गेला याचा मला मनापासून आनंद आहे. आता अमेरिकेत कवंदी पद्धतीची गोधडी शिकवणाऱ्या कार्यशाळा होतात, हौशी बायका नव्या कोऱ्या कापडाचे तुकडे करून त्या शिवतात. त्यालाही माझी हरकत नाही. पण जीझ बेंडचा धडा विसरू नये. तिथल्या गोधड्या २००२ साली व्हिटनी म्युझियममध्ये गेल्या, वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतल्या, २००६ मध्ये टपालाची तिकिटं निघाली. २००७ साली शिवणाऱ्यांपैकी काही बायका मोबदला आणि हक्कांवरून कोर्टात गेल्या. पुढच्या वर्षी प्रकरण मिटलं. पाच डॉलरला गेलेली पॉवर्सची गोधडी ही काही जुनीपुराणी गोष्ट नव्हे. फरक एवढाच की जीझ बेंडच्या गोधड्यांखाली निदान शिवणारीचं नाव लिहिलेलं होतं, म्हणून कोर्टात जाता आलं. ज्या कवंदीखाली ‘सिद्दी गोधडी, कर्नाटक’ एवढंच लिहिलेलं असेल तिच्या करणारीने कोणत्या नावाने जायचं?

म्हणून रिंगगोल्डच्या आठजणींसारखी एक दख्खनची गोधडी असावी असं मला फार वाटतं. कोण कोण धरेल ती? बीबी करीमा नक्की. अंबरची लेक, शाहीर बानू म्हणा. लिन्सखोटेनने पाहिलेली, मालकाच्या घरासाठी भरतकाम करणारी एखादी. चिंगीझखानाची विधवा हबशीच होती असं कुठे लिहिलेलं नाही, पण तिने अंबरला मोकळं केलं म्हणून तिला एक कोपरा द्यायला माझी ना नाही. आणि आजच्या काळातल्या हीरबाई लोबी, गुजरातच्या जांबूर गावच्या सिद्दी. आपल्या समाजातल्या बायकांना बचत आणि पोरांना शाळा यांच्या मागे लावलं म्हणून २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. बाकीच्यांच्या शेजारी ह्या एकट्याच अशा, ज्यांचा फोटो आहे.

अडचण इथेच येते. टबमनचा, ट्रूथचा, वेल्सचा फोटो आहे, म्हणून रिंगगोल्डला चेहरे रंगवता आले. अंबरचंसुद्धा चित्र आहे, जहांगिराने काढून घेतलेलं, त्यात बादशहा भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्याला बाण मारतोय. (प्रत्यक्षात ते मुंडकं जहांगिराला कधीच मिळालं नाही. अंबर १६२६ साली म्हातारा होऊन अंथरुणावर गेला.) त्याच्या लेकीचं चित्र नाही. मग काय रंगवायचं? मनाने एक सुंदर हबशी राजकन्या काढायची, दागिने घालून, आणि खाली नाव टाकायचं? महापुरुषांच्या बाबतीत आपण हे केलेलं आहेच आणि त्याचं काय होतं तेही बघतोय. मला हल्याळच्या बायकांची रीत जास्त खरी वाटते. त्या चेहरा काढत नाहीत. आईचं लुगडं गेलं की त्याचा तुकडा लावतात. बाई गेली तरी तुकडा तिथेच असतो आणि घरातल्यांना तो कोणाचा ते माहीत असतं. दख्खनच्या त्या गोधडीत मी लेकीसाठी एक तुकडा ठेवीन, चेहऱ्याविना, आणि त्यावर व्हान डेन ब्रूकने लिहिलेला तो प्रसंग टाक्यांनी लिहून काढीन, थोरलीच्या शिवीसकट. शिवी गाळली तर तिला कशासाठी आठवायचं तेच जाईल.

खुलताबादला आपली माणसं भद्रा मारुतीला जातात, कोणी औरंगजेबाची कबर बघायला जातं. अंबरची कबर गावाच्या वायव्येला, जरा बाजूला. स्वतःच्या हयातीतच त्याने ती बांधून घेतली होती, घुमट चांगला मोठा आहे, लांबून दिसतो. तिथवर गेलात तर जवळचाच लहान घुमट बघितल्याशिवाय परत फिरू नका. तो बीबी करीमाचा.